पॉलिमरच्या कारखान्यांतील उष्णतामानाची राखण

आपल्या मळ्यांत आज लोखंडाहूनही जास्त दिसणारी वस्तु कोणती असेल तर ती प्लॅस्टिक होय. विहिरीपासून वरच्या वाफ्यापर्यंत पाणी नेणारा पी.व्ही.सी.चा करडा नळ, ठिबकाची काळी नळी, भाजीपाल्याच्या गादीवर पसरलेला आच्छादनाचा कागद, खताचें पोतें आणि दुधाची पिशवी हीं सर्व एकाच कुळांतील अपत्यें आहेत. या कुळास पॉलिमर असें नांव आहे. नळ विकत घेतांना आपण त्याची जाडी पाहतों, किंमत विचारतों, दोन दुकानें फिरतों. परंतु तो नळ ज्या पांढऱ्या भुकटीपासून ओतला जातो ती भुकटी कशी तयार होते, आणि ती तयार करतांना कारखानदारास कोणती गोष्ट रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे पात्राच्या पोटांतील उष्णतामान. त्याची राखण नीट झाली तर चांगला नळ मिळतो. ती ढिली पडली तर माल बिघडतो, आणि कधीं कधीं कारखान्याच्या कुंपणाबाहेरील माणसेंही मरतात. म्हणून या विषयाची थोडी ओळख शेतकरी बंधूंस असावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

उष्णता येते कोठून ?

पॉलिमर म्हणजे एकाच जातीचे लहान लहान रेणु एकापुढें एक जोडून झालेली लांबच लांब सांखळी. अशा लांब सांखळ्या खरोखरीच असतात, हें मत हर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९२० सालीं मांडलें. त्या वेळीं पुष्कळ विद्वानांनीं तें मानलें नाहीं; परंतु काळानें स्टाउडिंगर यांचीच बाजू खरी ठरविली, आणि १९५३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां या सांखळीचा धर्म असा कीं, तिची प्रत्येक कडी जुळतांना थोडी उष्णता बाहेर पडते. गुऱ्हाळांत कढईखालीं चिपाडें घालून आंच द्यावी लागते. रस करपूं लागला तर गुळव्या जाळ ओढून घेतो आणि प्रसंग निभावतो. पॉलिमरच्या पात्रांत जाळ बाहेर नसून मालाच्या अंगांतच असतो, तेव्हां तो ओढून घेण्याची सोय नाहीं. याला जवळचा दृष्टांत ओल्या कडब्याच्या गंजीचा. कडबा पुरता न वाळवितां गंज रचली तर ती आंतल्या आंत तापते. वरून हात लावावा तर गार, आणि मध्यभागीं सळई खुपसून काढावी तर ती हाताला चटका देते. जाणता शेतकरी अशी गंज वेळींच उपसतो. न उपसल्यास ती काळी पडते, आणि क्वचित् पेटही घेते.

या उष्णतेचें मान किती असतें तें पाहूं. पी.व्ही.सी. ज्यापासून होतें तो व्हिनाइल क्लोराइड हा वायु आहे. शून्याखालीं सुमारें १३ अंशांवरच तो उकळतो, म्हणून त्यास दाबाखालीं द्रवरूपांत ठेवावें लागतें. त्याच्या एक किलोची सांखळी बनतांना सुमारें ३७० किलोकॅलरी उष्णता निघते. एवढ्या उष्णतेनें आपल्याकडील विहिरीचें सुमारें पांच लिटर पाणी उकळीस येईल. मोठ्या कारखान्यांत एका वेळीं पात्रांत ३० टन माल घातला तर दीड लाख लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता कांहीं तासांच्या अवधींत बाहेर काढावी लागेल. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, हा कारखाना मालाइतकाच उष्णता वाहून नेण्याचाही आहे.

उष्णतेचा जमाखर्च

महसूल खात्यांत आयुष्य गेलेल्या माणसास कोणतीही गोष्ट जमाखर्चाच्या रूपांत मांडली म्हणजे लवकर उमगते. पात्रांत निर्माण होणारी उष्णता ही जमा, आणि भिंतीवाटे थंड पाण्यांत जाणारी उष्णता हा खर्च. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे उष्णतामान स्थिर राहतें. अडचण अशी आहे कीं, या दोन्ही बाजू सारख्या वेगानें वाढत नाहींत.

समजा, पात्र ५७ अंशांवर आहे व त्याभोंवतींच्या कवचांतून २७ अंशांचें पाणी खेळत आहे. दोहोंत ३० अंशांचें अंतर आहे, आणि त्या अंतराच्या प्रमाणांत उष्णता बाहेर जाते. आतां कांहीं कारणानें पात्र १० अंशांनीं तापून ६७ अंशांवर गेलें. अंतर ४० झालें, म्हणजे खर्च तिसऱ्या हिश्शानें वाढला. पण रासायनिक क्रियेचा स्थूल नियम असा कीं, दर १० अंशांमागें तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे जमा दुप्पट झाली. पात्र ७७ अंशांवर गेलें तर जमा चौपट आणि खर्च मात्र पावणेदोन पटींहूनही कमी. शिल्लक राहिलेली उष्णता पात्रास आणखी तापविते, आणि तें तापलें म्हणजे जमा आणखी वाढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे. आरंभीं थोड्या प्रयत्नानें तो आटोक्यांत येतो; एकदां वेळ टळली म्हणजे कोणताही उपाय पुरा पडत नाहीं.

त्यांत पात्राच्या आकाराचा प्रश्न वेगळाच आहे. पात्राची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर त्यांत आठपट माल मावतो, पण भिंतीचें क्षेत्रफळ चौपटच होतें. म्हणजे प्रत्येक किलो मालाच्या वांट्यास पूर्वीच्या निम्मीच भिंत येते. प्रयोगशाळेंतील लहान चंबूंत निमूटपणें पार पडणारी क्रिया मोठ्या पात्रांत बेफाम होते, तिचें एक मुख्य कारण हेंच. शिवाय सांखळ्या वाढत गेल्या म्हणजे कित्येक प्रकारांत द्रव काकवीसारखा घट्ट होतो. मग ढवळणी अडखळते, उष्णता भिंतीपर्यंत पोहोंचत नाहीं, आणि त्याच वेळीं क्रियेचा वेग मात्र वाढतो.

या धोक्याची जाणीव पॉलिथिलीनच्या जन्मापासूनच शास्त्रज्ञांस आहे. इंग्लंडांत चेशायर परगण्यांतील विनिंग्टन येथें, इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, १९३३ सालच्या मार्च महिन्यांत एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन यांनीं एथिलीन वायु व बेंझाल्डिहाइड हीं हवेच्या दाबाच्या सुमारें दोन हजार पट दाबाखालीं १७० अंशांवर ठेविलीं. पात्र उघडलें तेव्हां त्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ थोडासा सांपडला. तोच पुढें ठिबकाच्या नळीचा मूळपुरुष ठरला. परंतु प्रयोग पुन्हां करूं जातां स्फोट झाले आणि काम बाजूस ठेवावें लागलें. १९३५ च्या डिसेंबरांत मायकेल पेरिन व त्यांचे सहकारी यांनीं तें पुन्हां हातीं घेतलें, तेव्हां कळून आलें कीं, आंत शिरलेला किंचित् प्राणवायु ही सांखळी सुरू करतो. एथिलीनच्या दर किलोमागें सुमारें ८०० किलोकॅलरी उष्णता निघते. ती वेळेवर बाहेर पडली नाहीं तर एथिलीन स्वतःच फुटून त्याचा काजळीसारखा कोळसा व वायु होतात, आणि पात्रांतील दाब क्षणांत उसळतो. म्हणून आजच्या पॉलिथिलीनच्या पात्रांना लांबीभर ठिकठिकाणीं उष्णतामापक बसविलेले असतात.

अर्ध्या अंशाची किंमत

उष्णतामानाचा संबंध केवळ धोक्याशीं नाहीं. मालाची जात त्यावरच ठरते. पी.व्ही.सी.च्या बाबतींत क्रिया जितकी गरम तितकी सांखळी आंखूड, आणि जितकी थंड तितकी सांखळी लांब. नळासाठीं लागणारी भुकटी साधारणपणें ५७ अंशांच्या आसपास करतात. तर त्याच नळास बसणारे कोपर व जोड ज्या भुकटीचे ओततात ती ७० अंशांच्या जवळपास तयार होते, कारण साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरण्यास आंखूड सांखळीचा माल सोपा जातो. सबंध क्रियेंत उष्णतामान ठरलेल्या आंकड्यापासून अर्ध्या अंशाहून अधिक ढळूं नये, असा चांगल्या कारखान्यांचा प्रयत्न असतो. आपला नळ पाण्याच्या दाबाखालीं वर्षानुवर्षें न फुटतां टिकतो, त्यांत या अर्ध्या अंशाचाही वांटा आहे.

मोजावें कसें ?

पात्रांतील उष्णतामान मोजण्यास पारा भरलेली कांचेची नळी चालत नाहीं. तेथें प्लॅटिनमच्या तारेचा उपयोग करतात. तार तापली म्हणजे विजेस तिचा अडथळा वाढतो. शून्य अंशावर १०० ओहम अडथळा असलेली तार दर अंशामागें सुमारें ०.३८५ ओहमनें वाढते. हा फरक मोजून उष्णतामान काढतां येतें. दुसरा प्रकार म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशीं जोडून त्यांतून निघणारा सूक्ष्म विद्युत्दाब मोजणें.

ही तार उघडी ठेवीत नाहींत. धातूच्या जाड म्यानांत घालून ती पात्रांत सोडतात. म्यान तापल्यावर मग तार तापते. म्हणून मापक जो आंकडा दाखवितो तो या क्षणाचा नसून थोड्या वेळापूर्वीचा असतो. म्यानावर मालाची पुटें चढलीं तर हा उशीर आणखी वाढतो. ज्या क्रियेची उष्णता चक्रवाढीनें वाढते, तिच्या बाबतींत हा उशीर फार महागांत पडूं शकतो.

मापक कोठें बसविला आहे, हा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. पीककापणीचा प्रयोग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको. ठरावीक मापाचा एक तुकडा आंखून त्यांतील धान्य मोजतात आणि त्यावरून सबंध मंडळाचा अंदाज बांधतात. तो तुकडा नेमका पाटाशेजारचा निघाला तर सबंध गांव भरघोस पिकल्याचें कागदोपत्रीं दिसतें. आंकडा खोटा नसतो. तो जेथला आहे तेथपुरताच खरा असतो. पात्राच्या एका कोपऱ्यांतील उष्णतामापकाचेंही तसेंच आहे.

आवरण्याचे उपाय

पहिला उपाय क्रियेच्या रचनेंतच केलेला असतो. व्हिनाइल क्लोराइड पाण्यांत जोरानें ढवळून त्याचे बारीक थेंब करतात. प्रत्येक थेंब हें एक चिमुकलें पात्रच होतें, आणि भोंवतींचें पाणी त्याची उष्णता तात्काळ उचलून भिंतीकडे नेतें. पात्राभोंवतीं थंड पाण्याचें कवच असतें. मोठ्या पात्रांवर शिवाय एक निवविणारें यंत्र बसवितात. उकळून वर गेलेली वाफ तेथें थंड होऊन पुन्हां खालीं ठिबकते व येतांना उष्णता टाकून येते.

दुसरा उपाय स्वयंचलित नियंत्रकाचा. पाटकऱ्याच्या कामाशीं ताडून पाहिल्यास तो सहज समजतो. वाफ्यांत पाणी किती वाढलें हें पाहून त्या मानानें दार लावणें, ही पहिली रीत. थोडें थोडें पाणी पुष्कळ वेळ जादा येत असेल तर तें मनांत धरून दार आणखी लोटणें, ही दुसरी. आणि पाणी अजून बांधापर्यंत आलें नसलें तरी तें कोणत्या वेगानें चढत आहे हें पाहून आधींच दार लावणें, ही तिसरी. कारखान्यांतील नियंत्रक या तिन्ही रीतींचा मेळ घालून थंड पाण्याची झडप उघडतो किंवा मिटतो. पुष्कळ ठिकाणीं एकाखालीं एक असे दोन नियंत्रक नेमलेले असतात. वरचा पात्राचें उष्णतामान पाहून हुकूम देतो, आणि खालचा कवचांतील पाण्याचें उष्णतामान पाहून तो अमलांत आणतो. कारण कवचांतील बदल लवकर कळतो व पात्रांतील उशिरां.

तिसरा उपाय राखीव असतो. उष्णतामान किंवा दाब मर्यादेबाहेर गेला तर क्रिया जागच्या जागीं थांबविणारें औषध पात्रांत सोडतात. वीज गेली आणि ढवळणी थांबली तरीही तें आंत शिरावें, अशी योजना करावी लागते. कारण संकट बहुधा वीज गेल्यावरच येतें. सर्वांत शेवटीं, ठरावीक दाबास फाटणारी पातळ धातूची चकती असते. पात्र फुटण्यापेक्षां चकती फाटलेली बरी, हा तिचा हेतु. राखीव उपायांची तार व मापक रोजच्या नियंत्रकाहून वेगळे असावेत, हा सुज्ञ नियम आहे. ज्यानें हिशेब लिहिला त्यानेंच तो तपासूं नये, हें कोणत्याही कचेरींत ठाऊक असतें.

घाईचा एक दाखला

अमेरिकेंत ओहायो राज्यांतील कोलंबस येथें १० सप्टेंबर १९९७ रोजीं जॉर्जिया-पॅसिफिक कंपनीच्या कारखान्यांत फेनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून राळ करण्याचें पात्र फुटलें. एक कामगार मृत्युमुखीं पडला व चौघे जखमी झाले. तेथील पर्यावरण खात्यानें केलेल्या तपासांत दिसून आलें कीं, कच्चा माल व क्रिया चेतविणारा पदार्थ नेमानें हळूहळू घालावयाचे ते एकदमच घातले गेले, आणि वर उष्णताही दिली गेली. उष्णतेची जमा एकाच वेळीं आली आणि खर्चाची वाट तेवढीच राहिली. थेंबाथेंबानें घालावयाची वस्तु थेंबाथेंबानेंच घालावी, एवढाच या दुर्घटनेचा बोध आहे. पण तो पाळण्यास कामगाराच्या शहाणपणावरच भिस्त न ठेवतां, माल एकदम ओततांच येणार नाहीं अशी यंत्राची रचना करणें हें मालकाचें काम आहे.

विशाखापट्टणमची पहाट

दुसरा दाखला आपल्याच देशांतील आहे. आंध्र प्रदेशांत विशाखापट्टणमजवळ वेंकटापुरम् येथें एल.जी. पॉलिमर्स या कंपनीचा कारखाना होता. पॉलिस्टायरीनसाठीं लागणारा स्टायरीन हा द्रव तेथें मोठ्या टाक्यांत सांठविलेला असे. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, कारखाना थांबला, आणि एका टाकींतील सांठा न वापरतां पडून राहिला. ७ मे २०२० रोजीं पहाटे ३ च्या सुमारास त्या टाकींतून स्टायरीनची वाफ बाहेर पडूं लागली. आसपासचीं गांवें झोंपेंत होतीं. लोक उठून धांवूं लागले आणि वाटेंतच कोसळले. १२ माणसें प्राणांस मुकलीं, शेंकडों लोकांस इस्पितळांत न्यावें लागलें, आणि गुरेंही मेलीं.

येथें पात्रांत कोणी सांखळी बनवीत नव्हता. परंतु स्टायरीनचा स्वभाव असा कीं, तो उबेंत पडून राहिला तर आपण होऊनच सांखळी धरूं लागतो. म्हणून त्यास थंड ठेवतात, आणि सांखळी रोखणारें एक औषध त्यांत अल्प प्रमाणांत मिसळतात. हें औषध कालांतरानें खर्ची पडतें, व द्रवांत विरलेला प्राणवायु असल्याशिवाय तें काम करीत नाहीं. म्हणून त्याची वेळोवेळीं तपासणी करून भर घालावी लागते. राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें जुलै २०२० मध्यें अहवाल दिला, त्यांत दिसून आलें कीं, हें औषध पुरेसें राहिलें नव्हतें. द्रव थंड करण्याचें यंत्र सायंकाळीं बंद करून सकाळीं चालूं करण्याची वहिवाट होती. टाकींतील द्रव वरखालीं नीट फिरत नव्हता. आणि उष्णतामापक होता तो केवळ टाकीच्या तळाशीं.

या शेवटच्या वाक्यावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. थंड द्रव जड, तो तळाशीं बसतो. गरम द्रव हलका, तो वर राहतो. म्हणजे मापक टाकींतील सर्वांत गार जागीं होता. वहींत रोज समाधानकारक आंकडा लिहिला जात होता, आणि कित्येक हात वर तीच टाकी गंजीसारखी पोटांतून तापत होती. धोक्याची सूचना देणारा भोंगाही त्या पहाटे गांवकऱ्यांसाठीं वाजला नाहीं, असें समितीनें नमूद केलें आहे. टाकींत मधोमध व वरच्या थरांत आणखी दोन मापक असते, आणि त्यांच्याकडे पाहणारा कोणी जागा असता, तर ती संध्याकाळ हाच इशारा ठरला असता.

आपण काय करावें ?

कोणी म्हणेल, हा कारखानदारांचा विषय. शेतकऱ्यानें त्यांत कां पडावें? वेंकटापुरम् येथील ज्या लोकांचे प्राण गेले ते कारखान्याचे कामगार नव्हते, हेंच त्याचें उत्तर. महाराष्ट्रांत लोटे, महाड, पाताळगंगा, तारापूर, कुरकुंभ अशा रासायनिक वसाहतींच्या कुंपणास शेतें व वस्त्या लागून आहेत. अशा शेजाऱ्यास आपल्या शेजारीं काय शिजतें हें विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो केवळ शिष्टाचाराचा नाहीं. धोकादायक रसायनांचें उत्पादन, सांठवण व आयात यांविषयींच्या १९८९ च्या नियमांप्रमाणें, ठरावीक मर्यादेहून अधिक सांठा असणाऱ्या कारखान्यानें आसपासच्या लोकांस धोक्याचें स्वरूप व अपघाताच्या वेळीं काय करावें हें कळविलें पाहिजे. कुंपणाबाहेरील संकटकाळाची योजनाही तयार असली पाहिजे.

ग्रामसभेनें लेखी विचारावें असे प्रश्न थोडे व सरळ आहेत. कोणतीं रसायनें सांठविलीं आहेत ? टाकीचें व पात्राचें उष्णतामान किती ठिकाणीं मोजतात ? वीज गेल्यास थंड पाणी व ढवळणी कशावर चालते ? कारखाना सुट्टीवर असतांना त्या आंकड्याकडे कोण पाहतो ? भोंगा कोणता, आणि तो शेवटचा केव्हां वाजवून पाहिला ? उत्तर लेखी मागावें व दप्तरीं ठेवावें. तोंडी आश्वासनास पुढें कोणी विचारीत नाहीं.

प्रसंग ओढवलाच तर एवढें ध्यानांत ठेवावें. स्टायरीन व व्हिनाइल क्लोराइड या दोहोंच्या वाफा हवेहून जड असतात. त्या ओढ्यांत, खोलगट शेतांत व विहिरींत सांचतात. म्हणून खालीं उतरूं नये. वारा कोणीकडून येतो तें पाहून त्याच्या आडव्या दिशेनें उंचवट्याकडे निघावें. चूल, विडी, इंजिन पेटवूं नये, कारण या वाफा पेट घेतात. दावणीचीं जनावरें सोडतां आलीं तर सोडावीं, पण त्यांसाठीं माघारीं फिरूं नये.

प्लॅस्टिकचा नळ आपल्या शेतांतून जाईल असा कांहीं संभव नाहीं, आणि जावा असेंही नाहीं. त्यानें पाण्याची गळती थांबविली आहे व पुष्कळांचें बागाईत उभें केलें आहे. तयार नळांत ती आंच उरलेली नसते. ती कारखान्याच्या पात्रांतच निघून गेलेली असते. ती कशी निघाली, कोणी मोजली, आणि कितव्या ठिकाणीं मोजली, एवढें विचारणाऱ्या गांवाशेजारचा कारखाना अधिक जागरूक राहील, यांत शंका नाहीं. पावसाळ्याआधीं होणाऱ्या ग्रामसभेंत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी वसाहतींच्या शेजारीं राहणाऱ्या सभासद बंधूंस आग्रहाची विनंती आहे.